चौथ्या क्रमांकाची चार रूपं : भारतीय महिला हॉकी समजून घेताना

(पुसद येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

समोर बसलेल्या आयाबहिणींनो, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, आणि मागे उभ्या असलेल्या पोरापोरींनो, या, पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

आजचा विषय भारताच्या महिला हॉकी संघाचा आहे. आयोजकांनी विषय विचारला आणि मी हा सांगितला, तेव्हा एकाने मला हळूच विचारलं, "सर, क्रिकेट घेतलं असतं तर गर्दी नसती का वाढली?" वाढली असती. पण क्रिकेट समजावून सांगायला पुसदमध्ये मला कोण बोलावणार? इथे प्रत्येक पानटपरीवर एक तज्ज्ञ बसलेला आहे. हॉकीचं तसं नाही. हॉकीबद्दल आपल्याला दोन गोष्टी माहीत असतात. एक मेजर ध्यानचंद आणि दुसरा 'चक दे इंडिया' सिनेमा. या दोन्हींच्या मध्ये जे काही झालं, ते मला आज सांगायचं आहे. तेही एका आकड्याच्या मदतीने. तो आकडा आहे चार.

चौथा नंबर म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलांना विचारा. पहिल्या तिघांना व्यासपीठावर बोलावतात, पदक देतात, फोटो काढतात. चौथा खालून टाळ्या वाजवतो. भारताच्या महिला संघाच्या वाट्याला हा चौथा नंबर मोठ्या प्रसंगी चार वेळा आला. १९७४, १९८०, २०२१ आणि २०२४. आकडा तोच, पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. ते चार अर्थ समजले की आंतरराष्ट्रीय स्पर्धा कशा चालतात, हेही आपोआप समजतं.

पहिला चौथा : अर्ध्या जगाचा विश्वचषक

१९७४ साल. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते, म्हणजे काळ तुमच्या लक्षात येईल. त्या वर्षी फ्रान्समधल्या मांदल्यू या गावी महिलांचा पहिला हॉकी विश्वचषक झाला. दहा संघ होते. नेदरलंड्स पहिला, अर्जेंटिना दुसरा, पश्चिम जर्मनी तिसरा आणि भारत चौथा. अजिंदर कौर आपली कर्णधार होती. विश्वचषकातली ती आपली आजवरची सगळ्यात वरची जागा आहे. पन्नास वर्षं होऊन गेली, त्याच्या पुढे आपण गेलेलो नाही.

आता यात एक गंमत आहे, ती नीट ऐका. त्या दहा संघांत इंग्लंड नव्हतं, ऑस्ट्रेलिया नव्हतं, न्यूझीलंड नव्हतं. का? तर बायकांच्या हॉकीचं जग तेव्हा दोन घरांत विभागलेलं होतं. १९२७ पासून महिलांची स्वतःची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती, बायकांनी बायकांसाठी चालवलेली. दुसरीकडे पुरुषांची हॉकी चालवणारा आंतरराष्ट्रीय महासंघ होता, तोही महिलांच्या स्पर्धा घ्यायला लागला. एकाच खेळाच्या दोन चुली. इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारखे जुने संघ पहिल्या घरात जेवत होते. दोन्ही घरं एक व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

म्हणजे आपला तो चौथा नंबर खोटा होता का? अजिबात नाही. समोर जे आले त्यांच्याशी आपण खेळलो. पण तो अर्ध्या जगातला चौथा होता, एवढं ध्यानात ठेवायचं. कुठलाही क्रमांक ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, 'कितीजणांत?' आणि दुसरा प्रश्न, 'कोण आलं नव्हतं?'

दुसरा चौथा : मॉस्को, आणि रिकाम्या खुर्च्या

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ मध्येच आली. बायकांची हॉकी यायला १९८० उजाडलं. बहात्तर वर्षं! आणि आली तीही अशा वर्षी की विचारू नका. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांनी मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. महिला हॉकीत सहा संघ खेळायचे होते, त्यातले यजमान सोडून बाकीचे गळाले. जागा भरायला ऐनवेळी निमंत्रणं गेली. एप्रिलमध्ये नुकताच स्वतंत्र झालेला झिंबाब्वे देश, त्यालाही स्पर्धेच्या काही आठवडे आधी बोलावणं गेलं. आणि सुवर्णपदक कोणी नेलं? झिंबाब्वेने!

आपला संघ रूपा सैनीच्या नेतृत्वाखाली गेला होता. उपांत्य किंवा अंतिम सामना असा प्रकारच नव्हता, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. आपण ऑस्ट्रियाला २-० हरवलं, पोलंडला ४-० हरवलं. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ हरलो, झिंबाब्वेशी १-१ बरोबरी झाली, यजमानांकडून १-३ हरलो. दोन विजयांचे चार गुण आणि बरोबरीचा एक, असे एकूण पाच. सोव्हिएत संघाचे सहा. एका गुणाने ब्राँझ गेलं. ज्या झिंबाब्वेला सुवर्ण मिळालं, त्यांना आपण बरोबरीत रोखलं होतं, हे विसरू नका.

त्या संघातली नावं ऐका. एलिझा नेल्सन, सेल्मा डिसिल्व्हा, लॉरेन फर्नांडिस, नाझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बागली. ही नावं वाचली की मुंबई-पुण्याचं एक जुनं जग डोळ्यांपुढे येतं, कॅम्पातल्या आणि चर्चजवळच्या मैदानांचं, ख्रिश्चन आणि पारशी घरांचं. त्या घरांत मुलीने स्कर्ट घालून संध्याकाळी मैदानावर जाणं कोणाला खुपत नव्हतं. दुसरा आधार रेल्वेचा. रेल्वेने खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या. नोकरी लागली की घरचे म्हणतात, 'खेळ बाई.' तोपर्यंत म्हणतात, 'पुरे झालं आता.'

एलिझा नेल्सन पुण्याची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ती कर्णधार होती. आशियाई खेळांत महिला हॉकी पहिल्यांदाच होत होती आणि आपण ती जिंकली. दक्षिण कोरिया दुसरा आला. पुढच्या वर्षी एलिझाला पद्मश्री मिळाली. पण लोकांना त्या एशियाडमधलं काय आठवतं? पुरुषांचा अंतिम सामना. पाकिस्तानकडून १-७. त्या पराभवावर आजही लिहिलं जातं. त्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी सोनं घेतलं, त्याची आठवण मी काढून द्यावी लागते. हा आपल्या आठवणीचा दोष आहे, मुलींचा नाही.

मधली छत्तीस वर्षं

आता मला सांगा, १९८२ मध्ये आपण आशियात पहिले आणि कोरिया दुसरा. सहा वर्षांनी, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या मुलींनी रौप्यपदक घेतलं. आपण तिथे नव्हतोच. मॉस्कोनंतर थेट २०१६ मध्ये आपण ऑलिंपिकला गेलो. छत्तीस वर्षं! १९८० मध्ये पाळण्यात असलेली मुलगी तोवर एखाद्या खेळाडूची आई झाली असेल.

असं का झालं? मुली कमी पडल्या असं म्हणणं सोपं आहे. तीन कारणं सांगतो.

पहिलं कारण जमीन. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, तिथे मनगटाची कला चालते. ओल्या टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट जातो. तिथे पळण्याची ताकद, अचूक पास आणि सतत हालचाल लागते. खेळाचं नाव तेच राहिलं, पण खेळ बदलला. ज्या देशांनी गावोगावी टर्फ अंथरलं, त्यांच्या मुली दहाव्या वर्षीच त्यावर पळू लागल्या. आपल्या मुली मुरमाड मैदानावर शिकायच्या आणि राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर पहिल्यांदा टर्फ बघायच्या. विहिरीत पोहायला शिकलेल्याला एकदम समुद्रात उतरवण्यासारखं झालं ते.

दुसरं कारण जागा. ऑलिंपिकला महिलांचे संघ किती असत? १९८० आणि १९८४ मध्ये सहा, १९८८ पासून आठ, २००० मध्ये दहा, २००८ पासून बारा. आठ जागांत जगातले देश बसवायचे म्हटल्यावर चांगला संघही बाहेर राहतो. मॉस्कोचं निमंत्रण पुन्हा मिळणार नव्हतं, पात्रता मिळवावी लागणार होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीत पात्रता स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून १-३ हरलो आणि लंडन गेलं. घरच्या मैदानावर.

तिसरं कारण सामने. मोठ्या संघांशी वर्षाला किती सामने खेळता, यावर सगळं अवलंबून असतं. आमच्या आजीची म्हण होती, घरात पोहून कोणी पट्टीचा पोहणारा होत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा नेदरलंड्सशी गाठ पडली, तर त्यांचा वेग डोळ्यांना कळेपर्यंतच सामना संपतो.

मधल्या काळात सगळाच अंधार होता असं नाही. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवीच्या संघाने यजमान इंग्लंडला अंतिम सामन्यात ३-२ हरवून सुवर्ण आणलं. ममता खरबने जादा वेळेत निर्णायक गोल केला. 'चक दे' ची ठिणगी तिथली. पण सिनेमा आला, गाणं लग्नाच्या वरातीत वाजलं, आणि त्या मुलींची नावं किती जणांना सांगता येतात? हात वर करा. ...बघा.

२०१६ ला रिओला गेलो. पाच सामन्यांत जपानशी २-२ बरोबरी, बाकी चार पराभव, आणि बारा संघांत बारावा क्रमांक. काही लोक म्हणाले, याच्यासाठी गेले होते का? मी म्हणतो, हो, याच्याचसाठी. शिकायची पहिली फी भरावीच लागते.

जरा खेळ समजून घेऊ

पुढचं सांगण्याआधी दोन मिनिटं नियम, म्हणजे टोकियोचा सामना डोळ्यांपुढे उभा राहील. मैदान सुमारे ९१ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. दोन्हीकडे अकरा खेळाडू. पंधरा मिनिटांचे चार भाग. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे दमलेली मुलगी बाहेर येते, दोन घोट पाणी पिते, पुन्हा आत जाते. गोलासमोर अर्धगोलासारखी रेघ असते, तिला 'डी' म्हणतात. फुटबॉलसारखा लांबून गोल चालत नाही. या डीच्या आतून मारलेलाच गोल धरतात.

डीच्या आत बचाव करणाऱ्यांनी चूक केली, म्हणजे चेंडू पायाला लागला किंवा स्टिक अडवली, की पेनल्टी कॉर्नर मिळतो. हा हॉकीचा काळजाचा ठोका चुकवणारा क्षण. गोलरेषेमागे बचावाला फक्त पाच जणी, त्यातली एक गोलकीपर. त्यांच्या बाकीच्या सगळ्या मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. हल्ला करणारी एक जण गोलखांबापासून दहा मीटरवरून चेंडू बाहेर ढकलते, दुसरी डीबाहेर तो अडवते आणि तिसरी मारते. सरळ फटका असेल तर पहिला चेंडू गोलात ४६ सेंटीमीटरच्या, म्हणजे आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या आत जायला हवा. पण स्टिकने ओढून फेकला, ज्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात, तर तो वरच्या कोपऱ्यातही चालतो. समोरून दगडासारखा कडक चेंडू येतोय आणि तुम्ही त्याच्याच दिशेने धावत जाताय. तोंडावर एक मुखवटा, हातात एक स्टिक. मला कोणी सांगावं की मुलींचा खेळ नाजूक असतो!

तिसरा चौथा : टोकियो

टोकियोची गोष्ट टोकियोत सुरू होत नाही. ती सुरू होते जून २०१९ मध्ये, हिरोशिमात. पात्रतेच्या वाटेवरची स्पर्धा. उपांत्य सामन्याच्या तोंडावर मिझोरामच्या लालरेमसियामीला निरोप आला, वडील गेले. ती घरी गेली नाही. खेळली. संघाने जपानला ३-१ हरवून स्पर्धा जिंकली आणि मग ती गावी गेली. यावर मी काही भाष्य करणार नाही. तिने तसं करायलाच हवं होतं असंही नाही. तिने केलं, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये भुवनेश्वरला अमेरिकेशी दोन सामने होते. दोन्हींचे गोल मिळवून ज्याचे जास्त तो टोकियोला. पहिला सामना आपण ५-१ जिंकलो. झालं, लोक निवांत झाले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वेळेपर्यंत अमेरिका ४-० पुढे! म्हणजे एकूण ५-५. दोन वर्षांचं काम अर्ध्या तासात बुडायला आलं होतं. शेवटच्या भागात कर्णधार राणी रामपालने गोल केला. एकूण ६-५. त्या एका गोलावर पुढचं सगळं उभं आहे.

राणी हरियाणातल्या शाहाबादची. वडील हातगाडी ओढायचे. तिने स्वतः सांगितलेली आठवण आहे. प्रशिक्षणाला येताना रोज अर्धा लिटर दूध आणायचा नियम होता. घरी परवडायचं दोनशे मिली. मग ती त्यात पाणी मिसळून न्यायची. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण नावं ठेवतो. पण हे पाणी वेगळं होतं.

कोरोनामुळे टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं. प्रशिक्षक नेदरलंड्सचे श्योर्ड मरीन्ये. पहिले तीन सामने बघा : नेदरलंड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. घरोघरी टीव्ही बंद झाले. मग आयर्लंडला १-० हरवलं, सामना संपायला तीन मिनिटं असताना नवनीत कौरचा गोल. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेला ४-३, त्यात वंदना कटारियाचे तीन गोल. तरीही आपल्या हातात काही नव्हतं. गटातले पहिले चार पुढे जाणार होते. त्याच संध्याकाळी आयर्लंड ब्रिटनकडून हरलं, तेव्हा आपला पुढचा रस्ता उघडला.

२ ऑगस्ट. समोर ऑस्ट्रेलिया. गटातले पाचच्या पाच सामने जिंकून आलेला संघ. बाविसाव्या मिनिटाला आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गुरजित कौरने तो गोलात घातला. मग उरला वेळ नुसता बचाव. ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळाले. आत्ता सांगितलं ना, पाच जणी आणि समोरून येणारा चेंडू? तसं सात वेळा. एकही गोल झाला नाही. गोलात होती सविता पुनिया, सिरसा जिल्ह्यातली. आजोबांनी हट्ट धरला म्हणून हॉकीत आलेली मुलगी. १-०, आणि आपण पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत!

तिथे अर्जेंटिनाने २-१ हरवलं. ब्राँझसाठी गाठ पडली ती रिओचं सोनं जिंकलेल्या ब्रिटनशी. ०-२ मागे पडलो, मग गुरजितचे दोन आणि वंदनाचा एक, अर्ध्या वेळेला ३-२ पुढे! शेवटी ३-४. मुली मैदानावर बसून रडल्या. आणि चौथा नंबर आला.

मॉस्कोचा चौथा आणि हा चौथा शेजारी ठेवा. तिथे सहा संघ, इथे बारा. तिथे मोठे देश आलेच नव्हते, इथे सगळे होते आणि त्यातल्या ऑस्ट्रेलियाला आपण घरी पाठवलं. तिथे निमंत्रण, इथे पात्रता. आकडा तोच, किंमत वेगळी.

एक कडू गोष्टही सांगतो, कारण ती लपवणं बरोबर नाही. उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळ वंदनाच्या घरासमोर काही लोकांनी फटाके फोडले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ केली. ऑलिंपिकमध्ये तीन गोल एका सामन्यात करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. तिची जात कोणती, हे ज्यांना आठवलं, त्यांना तिचे गोल आठवले नाहीत. मुलगी मैदानात अकरा जणींशी खेळते. मैदानाबाहेर किती जणांशी खेळते, त्याचा हिशेब स्कोअरबोर्डवर नसतो.

चौथा चौथा : रांची

आता शेवटचा. पॅरिसला जायचे दोन मार्ग होते. आशियाई खेळ जिंका आणि थेट जा. हांगझोच्या उपांत्य सामन्यात चीनने आपल्याला ०-४ हरवलं, ब्राँझ मिळालं, तो मार्ग बंद झाला. दुसरा मार्ग जानेवारी २०२४ मध्ये रांचीत. आठ संघ, पहिले तीन पॅरिसला. उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२, मग शूटआऊट. शूटआऊटमध्ये एकटी खेळाडू आणि एकटी गोलकीपर समोरासमोर, हातात आठ सेकंद. तो ३-४ असा गेला. तिसऱ्या जागेसाठी जपानशी सामना. सहाव्या मिनिटाला जपानने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. उरलेली चोपन्न मिनिटं आपण धडका मारल्या. पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, गोल झाला नाही. ०-१. चौथा नंबर.

टोकियोत चौथा नंबर आला तर देशाने डोक्यावर घेतलं. अडीच वर्षांनी चौथाच नंबर आला आणि ऑलिंपिकचं दार बंद झालं. टोकियोत ज्या पेनल्टी कॉर्नरने जिंकवलं आणि वाचवलं, त्यानेच रांचीत दगा दिला. खेळाचं हे असं असतं. एका नंबरावरून मुलींना देवी करू नका आणि दुसऱ्या नंबरावरून त्यांना घरी बसवू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजगीरला सलीमा टेटेच्या संघाने चीनला, पॅरिसचं रौप्य जिंकलेल्या चीनला, अंतिम सामन्यात १-० हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. ही सलीमा झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यातल्या खेड्यातली. बांबूच्या काठीने खेळायला सुरुवात केलेली.

मग पुसदचं काय?

टोकियोच्या संघाची यादी मी हातात घेऊन बसलो होतो. हरियाणा, पंजाब, झारखंड, ओडिशा, मणिपूर, मिझोराम. महाराष्ट्राची एकही मुलगी नाही. ज्या राज्याने एलिझा नेल्सन दिली, त्या राज्याची एकही नाही. वाईट वाटलं. पण लगेच चित्र हललंही. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके, शेतकऱ्याची मुलगी, हांगझोच्या ब्राँझ संघात होती. त्याच तालुक्यातली अक्षता ढेकळे, त्याच जिल्ह्यातली ऋतुजा पिसाळ, दोघीही भारताकडून खेळल्या. तिघी राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडल्या. कॅम्पातल्या घरांतून निघालेली हॉकी आता शेतकऱ्याच्या घरातून निघते आहे.

मला यात आनंद आहे आणि थोडी टोचणीही. माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेत मी मुलींचा हॉकी संघ बांधला होता. मुली अकरा, स्टिक आठ. सरावात तीन जणी आळीपाळीने बाहेर बसायच्या. त्यात तांड्यावरून येणारी एक पोरगी होती. नाव सांगत नाही, ती आज दोन मुलांची आई आहे. पायात साध्या स्लिपर, पण चेंडू तिच्या स्टिकला चिकटून चालायचा. विभागीय निवडीचं पत्र आलं. मी तिच्या घरी गेलो. वडील ऊसतोडीला जायच्या तयारीत होते. म्हणाले, "गुरुजी, चार दिवस ही गेली तर लहान्या पोराकडे कोण पाहणार?" मी त्यांना खेळाचं महत्त्व सांगत बसलो. आज वाटतं, मी चुकलो. मी त्यांना धाकट्या पोराची सोय सांगायला हवी होती. माझ्या घरी ठेवा, असं म्हणायला हवं होतं. भाषण दिलं, सोय केली नाही.

म्हणून आज भाषणाच्या शेवटी 'मुलींना खेळू द्या' असं मी म्हणणार नाही. ते सगळेच म्हणतात. मी तीन साध्या गोष्टी मागतो. शाळेत अकरा मुली असतील तर अकरा स्टिक घ्या. बाहेरगावी संघ जाईल तेव्हा सोबत एक बाई पाठवा, म्हणजे आईच्या जिवाला घोर लागणार नाही. आणि मुलगी खेळायला गेली की तिच्या वाट्याचं घरातलं काम त्या दिवशी कोण करणार, हे आधी ठरवा. भावाने केलं तरी चालतं!

चौथा नंबर वाईट नाही, मंडळी. माझ्या त्या पोरीला कुठलाच नंबर मिळाला नाही, ते वाईट.



प्रश्नोत्तरं

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, मी आठवीत आहे. आता सुरू केलं तर उशीर झाला का?

उत्तर : भारताकडून खेळणाऱ्या बहुतेक मुलींनी लहानपणीच सुरुवात केली, हे खरं आहे. पण बेटा, तू भारताकडून खेळशील की नाही, हे आज ठरवायची गरज नाही. सहा महिने रोज तासभर स्टिक धर. मग तुझं मनगटच तुला सांगेल.

प्रश्न (एक पालक) : खेळात नोकरीची खात्री आहे का?

उत्तर : खात्री नाही. खोटं बोलणार नाही. सविता पुनिया भारताची गोलकीपर असूनही तिला नोकरीसाठी कितीतरी वर्षं वाट पाहावी लागली. रेल्वेत आणि इतर खात्यांत खेळाडूंसाठी जागा असतात, पण त्या थोड्या. म्हणून शिक्षण सोडायचं नाही. पण दादा, नुसत्या पदवीने तरी आज कोणाला खात्री दिली आहे?

प्रश्न (एक आजी) : त्या पोरीच्या तोंडाला चेंडू लागला तर?

उत्तर : लागतो, आजी. म्हणून दातांना गार्ड, पायाला पॅड आणि कॉर्नरच्या वेळी मुखवटा घालतात. आणि खरं सांगू? तुम्ही भर उन्हात कापूस वेचलाय, चुलीपुढे हात भाजलेत. तुमच्या नातीला चेंडूची भीती कशी वाटेल?